तक्रार ह्यांची, रक्त माझं

आमच्या ह्यांना कोणी रागावलेलं खपत नाही. स्वतः मात्र रागावण्यावरच पोट भरतात. हे लोकांना गाडी शिकवतात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि "ब्रेक! अहो, ब्रेक म्हटलं, वायपर नाही!" असं दिवसभर ओरडायचं, हा ह्यांचा धंदा. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी कपडे अल्टर करून देते. कोणाची पँट आखूड, कोणाचा ड्रेस सैल, माझा दिवस दुसऱ्यांच्या कमरा मोजण्यात जातो. त्यामुळे ह्यांची पँट कमरेत ढिली व्हायला लागली हे माझ्या आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"अहो, तुम्ही वाळताय," मी म्हटलं.

"व्यायाम," हे म्हणाले.

व्यायाम म्हणजे काय, तर हरवलेला रिमोट शोधायला सोफ्यावरून उठणं. मी मशीनवर बसून पँटची कंबर आत घेतली. महिन्याभरात पुन्हा घेतली. मग मात्र माझं डोकं फिरलं. शिवाय हे पाण्याचा जग तोंडाला लावत होते, रात्री बाथरूमच्या फेऱ्या सुरू होत्या, आणि समोरची पाटी वाचताना डोळे बारीक करत होते. गाडी शिकवणाऱ्या माणसाला पाटी दिसेना, म्हणजे उद्या रस्त्यावरच्या लोकांनी काय करायचं?

"चला बाईंकडे," मी म्हटलं.

"तिकडे मी पाऊल ठेवणार नाही," हे म्हणाले, आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता असं मी म्हणणार नाही, पण वाचत नव्हते हे नक्की.

बाई म्हणजे आमच्या घरच्या डॉक्टर. ह्यांचा गोवर त्यांनी काढला, माझा मुतखडा त्यांनी धरला, सासऱ्यांची साखर त्यांनी इतकी वर्षं आटोक्यात ठेवली. दवाखाना म्हणजे एक डुगडुगतं बाकडं, एक पंखा आणि आतल्या खोलीला पडदा. तो पडदा नावालाच. बाईंचा आवाज असा की आत कोणाला काय झालंय ते बाहेरच्या सगळ्यांना कळायचं, आणि बाहेरचे त्यावर आपापलं मत द्यायचे. नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जायचा. बाईंना घाई म्हणून नसायची. खोकला घेऊन गेलं तरी त्या सासूचे गुडघे, नणंदेची पोरं, भावजींची नोकरी, सगळं विचारून मगच घशात बॅटरी मारायच्या.

तर झालं असं, की एकदा हे बाईंकडे साध्या सर्दीसाठी गेले होते. आतून बाईंचा आवाज आला, "सर्दीचं मरू दे रे! बापाला साखर होती, तुझी दाराशी येऊन बसलीय. दर सहा महिन्यांनी रक्त तपास म्हणून कानीकपाळी ओरडतेय, आणि तू गायब! ते पोट बघ, स्टिअरिंगला टेकतं की नाही?" बाहेर बाकड्यावर नेमकी ह्यांची एक विद्यार्थिनी बसलेली. तीच, जिला ह्यांनी आदल्या दिवशी वायपरवरून झापलं होतं. ती हसली. झालं! हे तडक बाहेर आले ते पुन्हा त्या पायरीवर चढले नाहीत.

त्यातच आमच्या चौकात तो नवा दवाखाना निघाला. अपॉइंटमेंट नको, ओळख नको. या, टोकन घ्या, डॉक्टर बघतील, जा. आम्ही त्याला 'झटपट' म्हणायला लागलो. काचेचं दार आपोआप उघडायचं. आत गारेगार. मऊ खुर्च्या, कॉफीचं मशीन, आणि काउंटरवर एक मुलगी. तिचं बोलणं इतकं गोड की आपल्याला काहीतरी झालंय याचीच लाज वाटावी.

"मला इथं कोणी ओळखत नाही," हे खुशीत म्हणाले. "किती छान वाटतं!"

खरंच कोणी ओळखायचं नाही. दर वेळी डॉक्टर नवा. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात: वय काय, काम काय, कशाची ॲलर्जी, घरात कोणाला काय. घरात कोणाला काय, या प्रश्नाला हे "काही नाही" म्हणायचे. मी एकदा कोपर मारलं, तर मला म्हणाले, "वडील गेले ना आता. आता घरात कोणालाच नाहीये."

झटपटचा नियम मात्र एक होता आणि तो भिंतीवर, काउंटरवर, कॉफीच्या मशीनवर, सगळीकडे चिकटवलेला होता: एका भेटीत एकच तक्रार. दुसरं काही दुखत असेल तर दुसरं टोकन, पुन्हा रांग. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक घड्याळ उलटं धावायचं आणि वेळ संपली की टुंग करायचं. टुंग झालं की डॉक्टर उठून हात पुढे करायचे. हात इतका नम्र, की आपण तो हातात घेऊन दाराबाहेर येईपर्यंत आपल्याला घालवलंय हे कळायचंच नाही.

हे पहिल्यांदा गेले ते पायासाठी. नवे बूट घेतले होते, डाव्या पायाच्या बोटांना चावले, जखम झाली. डॉक्टरांनी मलम दिलं. हे म्हणाले, "शिवाय मला तहान..." तर डॉक्टर हसून म्हणाले, "ती वेगळी तक्रार." टुंग.

दुसऱ्यांदा डोळ्यांसाठी. दुसरे डॉक्टर. चष्म्याचा नंबर बदला म्हणाले. ह्यांनी नवा चष्मा केला. त्यातून पाटी अधिक झगझगीत अंधुक दिसायला लागली.

अजून तहान उरली होती, थकवा उरला होता. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस मोडायचा, शिकवण्या बुडायच्या. वा रे झटपट! मी चिडचिड करत होते, आणि तेवढ्यात आले आमचे भावजी.

भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. माणूस मनानं चांगला, पण डोक्यानं फार हुशार, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे. तिकिटाची रांग असो की लग्नातली, भावजींकडे आडवाट तयार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

"दादा, सोपं आहे," भावजी म्हणाले. "नियम काय? एका माणसाला एक तक्रार. माणसं वाढवू! तिघंही जाऊ. तिघं तीन टोकनं घेऊ. तुझा थकवा मी सांगतो, तुझी तहान वहिनी सांगतील, तू स्वतः पाय पुन्हा दाखव. एका सकाळीत तीन डॉक्टर! औषधं घरी आणून सगळी तूच घे."

"अहो भावजी, पण तपासणार कोणाला?" मी विचारलं.

"वहिनी, तपासतात कुठे? विचारतात आणि लिहितात."

यावर ह्यांचा चेहरा असा खुलला, जणू भाऊ भोज्यालाच शिवला. माझा जीव कावला होता, दुकानात लग्नाचे ब्लाउज पडून होते. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. आणि गेलो आम्ही तिघं, शनिवारी सकाळी, एका घरातले तीन आजारी.

माझ्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. "काय होतंय?"

"तहान लागते हो फार," मी म्हटलं. "जगच्या जग पाणी लागतं. रात्री सारखं उठावं लागतं."

मी इतकं मन लावून सांगितलं की मलाच तहान लागली. पोरगा शहाणा होता. त्याला बरोबर शंका आली. "साखर बघू या," म्हणाला, आणि माझा दंड बांधून रक्त काढायला सांगितलं. आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर नाटक उघडं पडतं. मी हात पुढे केला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. पखाल मी असेन असं वाटलं नव्हतं.

भावजींना त्यांच्या खोलीत थकवा सांगायचा होता. त्यांनी तो रंगवून सांगितला. त्यांच्या डॉक्टरनं बीपी बघितलं, छाती बघितली, सगळं ठणठणीत. "तुम्ही बैठं काम करता, शरीराला हालचाल नाही. रोज सकाळी तासभर भरभर चाला," असा सल्ला दिला आणि ताकदीच्या गोळ्या लिहिल्या. ह्यांना पायासाठी आणखी एक मलम मिळालं. तिसऱ्या डॉक्टरांनी पहिलं मलम कुठलं होतं ते विचारलं, ह्यांना नाव आठवेना, म्हणून कदाचित तेच पुन्हा मिळालं.

दोन दिवसांनी माझा रिपोर्ट आला. साखर उत्तम.

ह्यांनी टाळी वाजवली. "बघ! साखर नाही! बाई उगाच घाबरवत होत्या."

"अहो, तो माझा रिपोर्ट आहे!"

"तक्रार कोणाची होती?"

"तुमची."

"मग झालं तर! माझ्या तक्रारीचा रिपोर्ट आलाय."

मी कपाळाला हात लावला. हसू की रडू ते कळेना. समजावलं, भांडले, रक्त नळातून येत नाही, ज्याचं त्याचं असतं असंही सांगून पाहिलं. पण ज्याला हवं ते उत्तर मिळालंय, त्याला प्रश्न पुन्हा कोण विचारायला लावणार? त्या संध्याकाळी हे मिठाईचा डबा घेऊन आले. आनंद साजरा करायला.

आणि दुसऱ्या दिवसापासून हे चालायला लागले. भावजींना दिलेला सल्ला ना तो, म्हणजे ह्यांचाच. रोज सकाळी तासभर, भरभर, त्याच नव्या बुटांत, त्याच जखमेवर. "पाय दुखत नाही का?" मी विचारायची. "अजिबात नाही," हे म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. त्यांना खरंच काही जाणवत नव्हतं. आम्ही त्याला बरं होणं समजत होतो.

मग एका दुपारी मी धुवायचे कपडे गोळा करत होते. ह्यांचा डावा मोजा हाताला लागला, कडक, चिकट. नाकाशी नेला, तर कुजका वास. हे झोपले होते. मी पांघरूण बाजूला केलं. दोन बोटं काळी पडली होती.

मी किंचाळले नाही. इतर वेळी बारीकसारीक गोष्टींवर घर डोक्यावर घेते. चपला घातल्या आणि तशीच बाईंच्या दवाखान्याकडे पळाले. म्हटलं पाया पडेन, शिव्या खाईन, पण त्यांना घरी घेऊन येईन. ह्यांचा पाय जातो की काय, एवढंच डोक्यात.

पायरी तीच होती. आत बाकडं नव्हतं. मोबाइलची कव्हरं लटकत होती, लाल, निळी, चकचकीत.

"इथल्या डॉक्टरीणबाई?" मी विचारलं.

"केव्हाच बंद केलं त्यांनी," कव्हरवाला म्हणाला. "पेशंटच येईनात म्हणे. तुमचा फोन कुठला?"

मी परत फिरले. भावजींना फोन करून बोलावलं, गाडी मागवली, ह्यांना उठवून कोंबलं आणि झटपट गाठलं. दुसरं होतं काय जवळ?

"तक्रार कोणती?" काउंटरवरच्या मुलीनं गोड विचारलं.

"पाय काळा पडलाय."

"त्वचेची की हाडाची?"

"बाई माझे, माणसाची!" मी ओरडले. सगळ्या मऊ खुर्च्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीनं घाईघाईनं तीन नंबरची खोली दाखवली.

दार उघडलं आणि मी जागीच थांबले. आत खुर्चीवर बाई बसल्या होत्या. पांढरा कोट, छातीवर झटपटचा बिल्ला. भिंतीवर ते घड्याळ धावत होतं.

"बाई, तुम्ही? इथं?" माझ्या तोंडून निघालं.

"तुम्ही सगळे इथं आलात," बाई म्हणाल्या. "रिकाम्या बाकड्याला किती दिवस तपासणार? बूट काढ रे तू."

ह्यांनी बूट काढला. भावजी दाराशी भिंतीला चिकटून उभे राहिले. बाईंनी खाली वाकून पाय हातात घेतला, बोटांना टाचणी लावली. "दुखतंय?"

"नाही," हे अभिमानानं म्हणाले.

"तहान लागते?"

"लागायची. पण तिचा रिपोर्ट आलाय. साखर नाही."

"कोणाचा रिपोर्ट?"

हे माझ्याकडे बघायला लागले, भावजी छताकडे. शेवटी मीच म्हटलं, "माझा. म्हणजे... तहान मी सांगितली होती. थकवा भावजींनी. रांग वाचावी म्हणून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू? तू तहान सांगितलीस? मुतखडा झाला तेव्हा तुला पाणी पाजायला तुझ्या सासूला पहाऱ्यावर बसवावं लागलं होतं. घोटभर पाणी पिणारी बाई तू, आणि तुझी तहान त्यांनी खरी मानली?"

"त्यांना काय माहीत, बाई," मी म्हटलं. "ते मला पहिल्यांदाच बघत होते."

बाईंनी ह्यांच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब यंत्राला लावला. आकडा आला. त्यांनी तो आम्हाला दाखवला नाही. यंत्र पालथं ठेवलं.

मी तयारीत होते. आता सुरू होणार. सात पिढ्यांचा उद्धार होणार, भावजींचे कान उपटले जाणार, झटपटच्या काचा थरथरणार. व्हायलाच हवं होतं. मला तर वाटत होतं, होऊ दे, पोटभर होऊ दे.

बाईंनी चष्मा काढला. "घाबरू नको हं," त्या ह्यांना म्हणाल्या. "मी मोठ्या इस्पितळात फोन करते. तिथं माझ्या ओळखीचे सर्जन आहेत. नीट बघतील."

इतक्या मऊ आवाजात! बाईंना असं बोलताना मी आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, सासरे गेले त्या आठवड्यात. तोवर त्या सासऱ्यांना रोज फैलावर घ्यायच्या, आणि एक दिवस अचानक "आराम करा हं" म्हणाल्या. आम्हाला तेव्हा तो चांगुलपणा वाटला होता.

"बाई, पाय राहील ना?" ह्यांनी विचारलं. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

टुंग झालं. दार किंचित उघडून काउंटरवरची मुलगी गोड म्हणाली, "डॉक्टर, वेळ संपली."

"हो," बाई म्हणाल्या, आणि फोन लावत राहिल्या. मुलीनं दार ओढून घेतलं.

इस्पितळात त्याच रात्री दोन बोटं काढली. पाय वाचला. पण साखर आता घरचीच झाली होती, आणि गाडी शिकवता येईल का, ते डोळ्यांचे डॉक्टर सांगणार होते. भावजी वॉर्डाबाहेर बसून रडले. त्यांना बोलायला माझ्याकडे बरंच होतं, पण त्यांचा चेहरा बघवेना.

तिसऱ्या दिवशी बाई भेटायला आल्या. पिशवीतून त्यांनी रुंद तोंडाचे बूट काढले, आतून मऊ, साखरेवाल्यांसाठी असतात तसले. ह्यांच्या पलंगाखाली नीट लावून ठेवले. पट्टी बघितली, नाडी बघितली, "छान आहे हं," म्हणाल्या.

ह्यांना ते सहन झालं नाही. माझ्या नवऱ्याला मी इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंचा हात धरला.

"बाई, असं गोड बोलू नका हो. एकदा नेहमीसारख्या ओरडा. सगळ्या वॉर्डासमोर ओरडा. मला बरं वाटेल."

बाईंनी हात सोडवून घेतला नाही.

"ओरडून उपयोग होता रे, तेव्हा तू आला नाहीस," त्या म्हणाल्या.

ह्यांनी मान खाली घातली. मी पुढे होऊन त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.